वाढत्या अंगाचा ब्लेझर

निहार आणि सई, तुमची आई गेली तेव्हा मी ट्रेनमध्ये होते आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत सईच्या दोन पँट्स होत्या, आदल्या दिवशी दुकानात जाऊन बदलून आणलेल्या. बर्मिंगहॅमहून वॉटफर्डला येणारी ती गाडी मला एव्हाना पाठ झाली होती. सकाळचे साडेदहा वाजले असतील. तुमच्या बाबाचा, म्हणजे माझ्या जावयाचा, मंदारचा फोन आला. "आई, कुठपर्यंत पोचलात?" मी म्हटलं, "मिल्टन कीन्स गेलं आत्ताच." तो म्हणाला, "बरं... या सावकाश." एवढंच. चार महिने तो मला प्रत्येक फोनवर "लवकर या" म्हणत होता. त्या दिवशी सावकाश या म्हणाला, म्हणजे घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. समोर बसलेल्या बाईनं न विचारता तिची पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसत असणार. मी तिला "आय अ‍ॅम ऑल राइट, थँक यू" म्हटलं आणि पँट्सची पावती घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. अठ्ठावीस दिवसांत परत करता येतात, हे त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात होतं. माझा स्वभावच तसा आहे, आणि हे सगळं लिहायला लागतंय तेही त्या स्वभावापायीच.

त्याला आता अकरा आठवडे झाले. तुम्ही दोघं बाबाबरोबर मेलबर्नला जाऊन चार. हा मजकूर तुम्हाला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. निहारला बाराखडी शिकवायचा माझा उद्योग 'ग'पाशी थांबला आणि सईनं तर तेवढंही शिकून घेतलं नाही. बाबा वाचून दाखवील की नाही, ते त्याच्यावर. मी इंग्रजीत लिहून पाहिलं होतं. तीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात काढली असल्यामुळे माझं इंग्रजी चांगलं आहे, पण दोन पानं झाल्यावर वाचून बघितलं तर तुमची आई एखाद्या पेशंटसारखी वाटायला लागली. म्हणून ती पानं फाडली.

केतकी आमची एकुलती एक. जन्मली इथेच, बर्मिंगहॅममध्ये. तिचे कपडे मी वर्षातून एकदाच आणायचे, जानेवारीच्या सेलमध्ये. वहीत यादी असायची. बनियन इतके, स्कर्ट इतके, शाळेचे मोजे, एक कोट. आणि सगळं 'वाढत्या अंगाचं'. आम्ही पुण्यात लहान असताना माझी आई शिंप्याकडे माप द्यायला न्यायची, तेव्हा शेवटचं वाक्य हेच असायचं, "वाढत्या अंगाचं शिवा हं." शिंपी कापडावर खडूची रेघ दोन बोटं पुढे सरकवायचा. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. मुलं वाढतात, कपडे वाढत नाहीत, तेव्हा आधीच मोठे घ्यावेत, यात न समजण्यासारखं काय आहे? पहिल्या वर्षी कपडा ढगळ व्हायचा, दुसऱ्या वर्षी बरा बसायचा, तिसऱ्या वर्षी आखूड. म्हणजे तीन वर्षांतलं एक वर्ष तुमच्या आईला तिचे कपडे बसायचे. हा हिशेब मी नाही, तिनं मांडला, पुढे केव्हातरी.

ती सात वर्षांची असतानाचा तिच्या वर्गाचा एक फोटो आहे. थंडीतला, शाळेच्या अंगणात काढलेला. पुढच्या रांगेतल्या सगळ्या मुलांचे हात मांडीवर आहेत आणि तुमच्या आईचे हातच नाहीत, नुसत्या कोटाच्या दोन बाह्या आहेत. फोटो काढताना बाईंनी हसून विचारलं म्हणे, "केटाकी, व्हेअर हॅव यू पुट युअर हँड्स?" सगळा वर्ग हसला. घरी आल्यावर तिनं मला तिच्या मराठीत सांगितलं, "आई, टीचर म्हणाली माझे हात कुठे गेला?" मी स्वयंपाक करत होते. मी म्हटलं, "मग बाही वर करायची ना." तिनं लगेच दोन्ही बाह्या वर करून दाखवल्या. हात खाली आले की त्या परत घसरत होत्या. पुढच्या जानेवारीत मी यादी केली तेव्हा त्यात कोट नव्हता, कारण होता तो अजून दोन वर्षं जाणार होता.

तुम्ही झालात आणि तिनं सगळं उलटं सुरू केलं. शाळेला सुट्टी लागली, मग ती नाताळची असो की सत्राच्या मधली हाफ-टर्मची, की पहिल्या शनिवारी तुमचे सगळे कपडे पलंगावर. एकेक घालून दाखवायचा. हात वर करा, खाली बसा, वाका. जरा कुठे ओढल्यासारखं झालं की तो कपडा चॅरिटीच्या पिशवीत, आणि दुपारी तुम्हाला घेऊन दुकानात. आज बसतं तेच घ्यायचं, एक बोटभरही मोठं नाही. सहा-सहा आठवड्यांनी हा सोहळा. निहारच्या पाचव्या वाढदिवसाच्या सुमारास मी एकदा ते सगळं बघत बसले होते आणि मला राहवलं नाही.

"केतकी, मुलं काय दर सहा आठवड्यांनी वाढतात?"

"हो आई, वाढतात. यू जस्ट हॅव टु लुक."

"म्हणजे मी बघत नव्हते का तुझ्याकडे?"

"तू कपडे बघत होती."

मी त्या दिवशी ठरल्यापेक्षा आधीची गाडी पकडून घरी आले. नंतर आम्ही दोघीही त्याबद्दल काही बोललो नाही, पण तुमच्या घरात ढगळ कपड्याला 'आजी-साइज' हा शब्द रूढ झाला. निहारनं तो शाळेचा फोटो पाहिला आणि मला विचारलं, "आजी, तू मम्माला टेंट घालायची?" तेव्हा केतकी इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. तिच्या मनात अजून काही आहे, असं मला तेव्हा वाटलं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मी आठवडाभर तुमच्याकडे होते. निहार अकरा वर्षांचा झाला होता, सेकंडरी शाळेत जाणार होता आणि शनिवारी सकाळी आम्ही चौघं युनिफॉर्मच्या दुकानात गेलो. दुकान छोटं, बाहेरपर्यंत रांग, आत उकडत होतं. आरशापुढे प्रत्येक घरातलं एक मूल वैतागलेलं उभं. दुकानातल्या बाईनं निहारच्या छातीला टेप लावून सांगितलं, तीस. तुमची आई म्हणाली, "कॅन वी ट्राय थर्टी-फोर, प्लीज?" बाईनं परत विचारलं. मग ब्लेझर आणला. तो घातल्यावर निहारचे खांदे कुठे संपतात ते कळेना, बोटांची टोकं तेवढी दिसत होती. "ही'ल बी स्विमिंग इन दॅट, लव्ह," बाई म्हणाली. निहार, तू तर जवळजवळ ओरडलास, "मम्मा, नो! धिस इज आजी-साइज!" तुमची आई तुझी कॉलर सारखी करत राहिली. "ही'ल ग्रो," एवढंच म्हणाली. शर्टसुद्धा तिनं दोन साइज मोठे घेतले. पीटीचे कपडेही.

तिथे मी जे बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हटलं, "बघ, पंचेचाळिशी आली तेव्हा कुठे अक्कल आली! जन्मभर मी काय सांगत होते?" आणि हसले. मराठी कळणारं दुकानात आणखी कुणीतरी असावं, कारण एका बाईनं वळून बघितलं. केतकीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "हो आई. यू विन." दुपारी मी इल्फर्डच्या सुधाला, माझ्या जुन्या मैत्रिणीला, मुद्दाम फोन केला. "शेवटी पटलं हो आमच्या बाईसाहेबांना," असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मुलींना आयांचं उशिरा पटतं गं." आम्ही बराच वेळ बोललो. मी फार खुशीत होते.

सप्टेंबरमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशीचा निहारचा फोटो मला बर्मिंगहॅमला आला. दारात उभा, पाठीवर नवी बॅग. ब्लेझरचे खांदे थोडे उतरलेले होते, पण बाह्या बरोबर मनगटावर. मी उलट लिहिलं, दुकानानं बाह्या छान करून दिलेल्या दिसतात. तिनं अंगठा पाठवला.

ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला तिनं मला सांगितलं. स्वयंपाकघरात, दुपारी. तुम्ही दोघं बागेत होतात. ती सफरचंद चिरत होती, सुरी खाली ठेवून म्हणाली, "आई, बस जरा." तिला डॉक्टरांचे सगळे शब्द इंग्रजीतून येत होते आणि मला ते नोकरीमुळे नीट समजत होते. पुढे काय असतं तेही. दोघींनाही समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. मी एकच विचारलं, "कधी कळलं?" "थोडे दिवस झाले," ती म्हणाली. किती दिवस, हे मी विचारलं नाही. त्या सुट्टीत पलंगावर कपडे निघाले नाहीत. नाताळच्याही नाही.

फेब्रुवारीत सईच्या पँट्स घोट्याच्या वर गेल्या. केतकी तेव्हा खालच्या खोलीत, पलंगावरच असायची, बहुतेक वेळ डोळे मिटून. पण सई दारातून गेली ते तिनं पाहिलं. "आई, हिला दोन पँट आण. आजच्या मापाचा आण." मी गेले आणि एक साइज मोठ्या आणल्या. मुद्दाम नाही... हात सवयीनं त्याच हँगरकडे गेला. सई घालून आली तर पायांची टोकं कापडात. केतकीनं तिला जवळ बोलावलं आणि पडल्या पडल्या एका पायाची पट्टी दुमडायला लागली. बोटांत जोर नव्हता, घडी सुटत होती. ती परत घालायची, परत सुटायची. सई शहाण्यासारखी उभी होती. मला ते बघवेना म्हणून मी म्हटलं, "असू दे गं, वर्षभर जातील." केतकी थांबली. "वर्षभर," म्हणाली. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी बर्मिंगहॅमला माझ्या डोळ्यांची अपॉइंटमेंट होती, ती पुढे ढकलता आली असती पण मी ढकलली नाही. जाताना पिशवी घेऊन गेले आणि तिथल्या दुकानात पँट्स बदलल्या. क्रिमेटोरियममध्ये सईनं त्यांतली काळी घातली होती. अगदी बरोबर बसली.

नंतरच्या दिवसांत मंदारला कागद हातात धरवत नव्हते. मी म्हटलं, मी लावते. तेवढं एकच काम मला येतं. हॉस्पिटलची पत्रं, अपॉइंटमेंट्स, शाळेचे कागद, सगळं तारखेनं लावत गेले. पहिलं पत्र ऑगस्टमधलं होतं, बुधवारचं. त्यात लिहिलं होतं, आज आपण भेटलात तेव्हा चर्चा झाल्याप्रमाणे... पुढे सगळं होतं. त्याच्या मागे जो कागद आला तो युनिफॉर्मच्या दुकानाची पावती होती. त्याच आठवड्यातल्या शनिवारची. मी कॅलेंडर काढून बघितलं, चूक होत असेल म्हणून परत बघितलं.

म्हणजे दुकानात उभी असताना तिला तीन दिवस झाले होते कळून. चौतीस छातीचा ब्लेझर ती माझं पटलं म्हणून घेत नव्हती. पुढचा ब्लेझर घ्यायला आपण नसणार, म्हणून घेत होती. आणि मी तिला अक्कल आली म्हणाले. तिनं ते ऐकून घेतलं, मला जिंकू दिलं. जिची माफी मागायची ती आता नाही. मंदारला मी हे सांगितलं नाही. त्याच्याजवळ त्याचं स्वतःचं पुष्कळ आहे.

ईस्टरच्या सुट्टीत तुम्ही गेलात. बाबाची बहीण तिकडे आहे, ऑफिसनं बदली दिली, एकट्यानं दोन मुलं आणि नोकरी इथे जमणार नव्हती. मंदारनं मला विचारलं नाही, सांगितलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि याचा मला काही उपयोग नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं तो ब्लेझर माझ्या हातात दिला. "आई, तिथे युनिफॉर्म वेगळा आहे. हा शाळेच्या सेकंड-हँड सेलला द्याल का?" मी म्हटलं, देते.

बर्मिंगहॅमला आल्यावर मी तो स्वच्छ केला. कुणाला द्यायची वस्तू स्वच्छ असावी, धड असावी आणि तिच्यावर आपलं नाव नसावं, हा माझा नियम आहे. आतली नावाची पट्टी काढली. मग बाह्या बघितल्या. दुकानानं केलेल्या नव्हत्याच. आत दुमडून हातानं टाके घातलेले होते, मोठे, वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ. तुमच्या आईला शिवण येत नव्हतं, मीच कधी शिकवलं नाही. दोरेसुद्धा वेगवेगळ्या रंगांचे, हॉटेलच्या खोलीत मिळतात तसल्या छोट्या पुडीतले. मला वाटलं, जो हाताला लागला तो ओवला असेल. असं काही कुणाला देता येत नाही. मी कात्री घेतली, डाव्या बाहीचे सगळे टाके उसवले, दोरे चिमटीनं वेचून कचऱ्यात टाकले, वाफेची इस्त्री फिरवली. बाही पूर्ण लांबीची झाली. छान झाली.

मग उजवी बाही खिडकीशी नेली, उजेडात. आणि तिथे दिसलं. एक दुमड नव्हती, तीन होत्या. एकीच्या मागे एक, प्रत्येक जवळजवळ बोटभर रुंद. सगळ्यात बाहेरच्या दुमडीला पांढरा दोरा, मधलीला लाल, आतलीला हिरवा. मी कचऱ्याच्या डब्यातून डाव्या बाहीचे तुकडे काढून टेबलावर मांडले. पांढरे, लाल, हिरवे. जो हाताला लागला तो ओवला नव्हता. एकेका वर्षाची एकेक ओळ होती. पांढरी उसवली की बाही बारा वर्षांच्या मनगटाशी येणार, लाल उसवली की तेराच्या, हिरवी उसवली की चौदाच्या. माझा मोठा कोट घेऊन तिनं त्यातून चार वेळा आजच्या मापाचा कोट केला होता. सप्टेंबरच्या आधी कधीतरी, तुम्ही शाळेच्या तयारीत असताना, सुई-दोरा घेऊन बसली असेल. माझ्या हौसेच्या बोलण्यानंतर पंधरा दिवसांच्या आत.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मी फोनवर मंदारला आडून विचारलं, त्याला काहीच माहीत नव्हतं. निहार, तूही म्हणालास, "ते असंच होतं." मग वेळ आल्यावर ओळी कोण उसवणार होतं? मी पुष्कळ विचार केला आणि मला एकच उत्तर सापडतं. तिला वाटलं असेल, आईच्या लक्षात येईल. कपड्याची बाही आखूड झाली की आईला दिसतंच... आणि दिसलं ना मला. मी तिन्ही वर्षं एका दुपारी उसवून टाकली.

डाव्या बाहीला परत टाके घालून बघितले. पांढरा, लाल, हिरवा, तिन्ही दोरे घरात आहेत. पण इस्त्रीनं जुनी भोकं बुजली होती आणि माझा टाका सरळ येतो, वाकडा घालायचा म्हटला तरी सरळ येतो. सकाळपासून दुपारपर्यंत तीनदा घातला, तीनदा काढला. मग सोडून दिलं.

ब्लेझर आता केतकीच्या लहानपणच्या खोलीच्या दारामागे आहे. एक बाही मोठी, एक लहान. असा सेलला देता येत नाही. दोन्ही सारख्या करायच्या तर उजवी उसवायला हवी, आणि ती मी उसवू शकत नाही. निहार, दर रविवारी सकाळी, तुमच्याकडे संध्याकाळ असते तेव्हा, तू फोनवर दिसतोस तो खांद्यापर्यंत. मी म्हणते जरा मागे सरक, तर तू हसतोस आणि सई फोन ओढून घेते. तुझं मनगट आता कुठवर आलंय, पांढरी ओळ उसवायची वेळ झाली की नाही, हे मला इथून दिसत नाही.